पेशीची वेसण

रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस परभणी जंक्शनला लागली की फलाटावरच्या गर्दीत काही माणसं लगेच ओळखू येतात. सामान बेताचं, सोबत एखादी थकलेली बाई, आणि कुणाच्या तरी पोटाशी धरलेली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. त्यांना परळला, ‘टाटा’त जायचं असतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा नाना पालकर स्मृती समितीची इमारत, जिथे जागा मिळेल तिथे पथारी टाकायची आणि सकाळी नंबर लावायचा. फाइलमधल्या बायोप्सीच्या कागदावर कधी कधी एक ओळ असते: पी-१६ पॉझिटिव्ह. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे, एवढं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. ही ओळ मात्र घरातल्या शिकलेल्या पोरालाही लागत नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं परभणीकर मोठ्या अभिमानानं सांगतात. त्या एका ओळीचा इतिहास खरोखरच जर्मनीत सुरू होतो आणि शंभराहून अधिक वर्षांनी मराठवाड्यात येऊन पोचतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्को यांनी सांगितलं, की पेशी पेशीतूनच जन्मते. जन्मते कशी, हे पुढे वाल्थर फ्लेमिंग यांनी कील शहरात दाखवलं. सॅलमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगात बुडवून ते सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहत बसत. केंद्रकातले दोरे आखूड आणि जाड होतात, लांबीतून दुभंगतात आणि अर्धे इकडे, अर्धे तिकडे जातात. १८८२ साली त्यांनी हे सगळं चित्रांसह छापलं. आठ वर्षांनी बर्लिनच्याच डेव्हिड फॉन हान्सेमान यांना कॅन्सरच्या गाठीत वेगळंच दृश्य दिसलं. तिथली वाटणी सरळ नव्हती. एका पेशीच्या वाट्याला दोरे जास्त, दुसरीच्या वाट्याला कमी.

या निरीक्षणातून विचार बांधला तो थिओडोर बोव्हेरी यांनी. ते व्यूर्झबर्गला प्राध्यापक होते आणि प्रयोगांसाठी नेपल्सच्या समुद्रकाठी जात. सी-अर्चिन या काटेरी, गोल समुद्री प्राण्याच्या एकाच अंड्यात त्यांनी दोन शुक्रपेशी शिरू दिल्या. गुणसूत्रांची वाटणी विस्कटली आणि त्यातून वाढणारे जीव वेडेवाकडे निघाले. गुणसूत्रांची अशीच चुकीची वाटणी कॅन्सरच्या मुळाशी असेल का? १९१४ साली त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. पेशीला विभागायला लावणारी गुणसूत्रं असावीत, तशीच तिला रोखून धरणारीही असावीत, आणि ही रोखणारी हरवली की पेशी बेबंद वाढत असावी, असा तर्क त्यात होता. हाताशी पुरावा नव्हता आणि बोव्हेरी पुढच्याच वर्षी वारले. त्यांच्या पत्नी मार्सेला स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी १९२९ साली हे पुस्तक इंग्रजीत आणलं म्हणून ते टिकलं.

मराठवाड्यातल्या माणसाला बोव्हेरींचं म्हणणं समजावून द्यायला फार शब्द लागत नाहीत. बैल तगडा असणं वाईट नाही, तो चालला नाही तर शेत पडीक राहील. जखम भरते, त्वचा रोज नवी होते, रक्त बनतं, ते पेशी विभागतात म्हणूनच. पण बैलाच्या नाकात वेसण असते. बोव्हेरींना पेशीच्या नाकातली वेसण दिसली नव्हती. ती असलीच पाहिजे, एवढं मात्र त्यांनी ओळखलं होतं.

इकडे मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडलं. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडनला शिकून आलेला हा पॅथॉलॉजिस्ट केवळ गाठी कापून तपासण्यात समाधानी नव्हता. कोणत्या लोकांना कुठला कॅन्सर होतो, ते काय खातात, तंबाखू कशी चघळतात, त्यांच्यात लग्नाच्या रीती काय आहेत, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. कॅन्सरचं कारण पेशीत शोधायचं आणि घराघरांतही, ही दुहेरी दृष्टी त्यांनी मुंबईत रुजवली. १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकारानं.

त्यांच्या हाताखाली पुण्याची एक तरुण बाई काम करू लागली होती. कमल समर्थ, लग्नानंतर कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, शाळा हुजूरपागा, वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशी लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती; मुलीनं दोन्ही केलं नाही. १९४३ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून तिनं एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. बालाघाटच्या डोंगरांत पावसाळा सरला की टोपल्या भरभरून उतरणारं हेच फळ. फ्लेमिंगनी सॅलमँडरमध्ये पाहिलेले दोरे कमलताईंनी आधी सीताफळाच्या कुळात पाहिले आणि मग त्या कॅन्सरकडे वळल्या. चरित्रात हा तपशील सहसा एका ओळीत उरकला जातो. खरं तर झाडाची पेशी असो की बाईची, विभागणीचं यंत्र मुळात एकच आहे, हे पुढे जे सिद्ध झालं त्याची ही जणू पूर्वतयारी होती.

१९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे शिकायला गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर काचेत जगवण्याचा गाय यांना ध्यास होता. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा आला. तिची परवानगी कुणी विचारली नव्हती. त्याच वर्षी ती वारली, वय ३१. तिच्या पेशी मात्र विभागतच राहिल्या, आजही विभागत आहेत. जगभरच्या प्रयोगशाळा त्यांना ‘हेला’ म्हणतात.

परतल्यावर कमलताईंनी परळला पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. भारतातली ती पहिली. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या, १९८२ साली पद्मभूषण झाल्या, आणि निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या राजूरला आदिवासी मुलांच्या पोषणाची मोजदाद करत फिरल्या.

हेलाच्या पेशी थांबत का नाहीत, हे मात्र तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं.

वेसणीचा पहिला ठोस पुरावा एका बालरोगातून आला. लहान मुलांच्या डोळ्यात गाठ होते, तिला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरनं १९७१ साली अशा ४८ मुलांच्या नोंदी मांडल्या. ज्यांच्या घराण्यात रोग होता त्यांना तो लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होई. इतरांना उशिरा आणि एकाच डोळ्यात. नुडसन यांनी हिशेब केला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही निकामी झाल्या तरच गाठ होते. घराण्यात रोग असलेलं मूल एक प्रत गमावूनच जन्माला येतं, त्याला एकच धक्का पुरतो. १९८६ साली ते जनुक हाती लागलं आणि त्याचं नाव आरबी पडलं. बोव्हेरींच्या ‘रोखणाऱ्या’ गोष्टीला ७२ वर्षांनी पत्ता मिळाला.

दुसऱ्या बाजूनं किण्वावर, म्हणजे यीस्टवर, काम करणारे लोक त्याच यंत्राकडे येत होते. लीलंड हार्टवेल सिएटलमध्ये पावाच्या किण्वात विभागणी मध्येच अडकलेले प्रकार गोळा करत होते. त्यातून शंभराहून अधिक जनुकं निघाली. पेशी डीएनएत बिघाड दिसला की मुद्दाम थांबते, वाटेत तिची तपासणी नाकी असतात, ही कल्पनाही त्यांचीच. इंग्लंडच्या पॉल नर्स यांनी दुसरं किण्व घेतलं. एका जर्मन शास्त्रज्ञानं ते १८९३ साली पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या दारूतून वेगळं केलं होतं. १९८७ साली नर्स यांच्या प्रयोगशाळेनं त्या किण्वातलं बिघडलेलं जनुक माणसाच्या जनुकानं भरून काढलं आणि किण्व पुन्हा विभागू लागलं. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन जीवांमध्ये एक सुटा भाग दुसऱ्याला चपखल बसला. टिम हंट यांनी १९८२ साली पुन्हा सी-अर्चिनच्याच अंड्यांत एक प्रथिन पाहिलं. प्रत्येक विभागणीपूर्वी ते साठतं आणि विभागणी होताच नाहीसं होतं. ते सायक्लिन. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

आता यंत्र असं दिसू लागलं. आरबी हे प्रथिन पेशीची पुढची वाट अडवून बसलेलं असतं. वाढीचा निरोप आला की सायक्लिन आणि त्याचं जोडीदार विकर आरबीवर खुणा करतं, आरबी बाजूला होतं, आणि पेशी डीएनएची नक्कल करायला लागते. ही झाली वेसण. दुसरा आहे पी-५३. जुन्या गावगाड्यात रात्री हाळी देत फिरणारा जागल्या असे, तसा हा. डीएनएत मोडतोड दिसली की तो पेशीला थांबवतो. दुरुस्ती जमणार नसेल तर तिला मरायला लावतो. १९७९ साली सापडलेलं हे जनुक जवळजवळ दहा वर्षं कॅन्सर घडवणारं समजलं गेलं, कारण प्रयोगशाळांच्या हातात त्याची बिघडलेली प्रत होती. १९८९ साली बाल्टिमोरमध्येच ती चूक उमगली. माणसाच्या साधारण निम्म्या गाठींत हा जागल्या बिघडलेला सापडतो.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मात्र कोडं होतं. तिथे आरबी आणि पी-५३ ही जनुकं बहुतेक वेळा धडधाकट असत. वेसण शाबूत, जागल्या शाबूत, आणि तरी बैल मोकाट.

उत्तर पुन्हा जर्मनीतून आलं. हाराल्ड त्सुर हाउझेन यांचा संशय चामखिळीच्या विषाणूवर होता. तेव्हा बहुतेकांना नागिणीच्या जातीचा विषाणू दोषी वाटत होता आणि त्सुर हाउझेन यांना सभांमध्ये विरोध सोसावा लागला. १९८३ साली त्यांच्या गटानं या कॅन्सरच्या गाठींतून पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार वेगळा केला, पुढच्या वर्षी अठरावा. या दोघांकडे मिळून जगातल्या सुमारे ७० टक्के अशा कॅन्सरचा दोष जातो. हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशींत तोच अठरावा प्रकार बसलेला निघाला. त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

विषाणू काय करतो, हे १९८९ आणि १९९० या दोन वर्षांत उलगडलं. त्याला स्वतःच्या नकला काढायच्या असतात, पण कारखाना पेशीचा. पेशी विश्रांतीत असेल तर कारखाना बंद. म्हणून तो दोन प्रथिनं सोडतो. ई-७ आरबीला मिठी मारून निकामी करतं. ई-६ पी-५३ ला पेशीच्याच मोडतोड यंत्रणेच्या हवाली करतं. जनुकाला धक्का लागत नाही, पण त्यातून बनणारं प्रथिन बनता बनता नाहीसं होतं. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. काहींच्या अंगात तो ठाण मांडतो, आणि मग दहा-वीस वर्षांत चुका साठत साठत कॅन्सर होतो.

यातला सगळ्यात विलक्षण प्रयोग २००० साली येल विद्यापीठात झाला. एडवर्ड गुडविन आणि डॅनियल डिमायो यांनी हेला पेशींतली ई-६ आणि ई-७ गप्प केली. जवळजवळ पन्नास वर्षं अखंड विभागणाऱ्या त्या पेशींत आरबी आणि पी-५३ जागे झाले आणि पेशी थांबल्या. वेसण इतकी वर्षं तिथेच होती.

दहा-वीस वर्षं ही मुदत मोठी आहे. एवढ्या काळात कुणी एकदा तरी पाहिलं तर बाई वाचू शकते. पाहायचं कुणी आणि कसं, हा प्रश्न घेऊन गोष्ट मराठवाड्याच्या वेशीवर येते.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण तिचा बाजार आणि दवाखाने पूर्वीपासून धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, खेड्यांचे. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. भगवान नेने आणि टाटा मेमोरियलच्या साथरोगतज्ज्ञ कस्तुरी जयंत यांनी १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांसाठी कॅन्सरची नोंदवही सुरू केली. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. शहरात दवाखान्यांतून आकडे मिळतात. इथे बाया दवाखान्यापर्यंत येतच नव्हत्या. म्हणून नोंद घेणारेच गावोगाव गेले. पाळीशिवाय रक्त जातंय का, अंगावरून जातंय का, असं विचारत, लक्षणं समजावत. त्या नोंदींत बायकांचा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर गर्भपिशवीच्या तोंडाचा निघाला. नुसत्या बोलण्यानंही फरक पडला: रोग लवकरच्या टप्प्यात असताना येणाऱ्या बायका वाढल्या. १९९५ साली ते छापून आलं.

मग मोठा बेत आखला गेला. ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात कामाला सुरुवात झाली. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका चार भागांत विभागल्या. एका भागात विषाणूच्या डीएनएची चाचणी, दुसऱ्यात पेशींचा पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, चौथ्यात नेहमीची व्यवस्था. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचे रेंगस्वामी शंकरनारायणन, टाटाचे सुरेंद्र शास्त्री, नेने आणि जयंत हे या कामातले प्रमुख.

कागदावर हे चार रकाने. गावात ते कसं उतरलं असेल, हे मराठवाडा पाहिलेल्याला कळतं. सुगीचे दिवस, खुरपणीची रोजंदारी, सासूची परवानगी, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे परक्या माणसासमोर तपासायला झोपणं. म्हणून तपासणी प्रशिक्षित बायकांनीच केली आणि गावाजवळच केली. बोलावलेल्यांपैकी सुमारे चारपंचमांश आल्या. कुठल्याही श्रीमंत शहराला हेवा वाटावा असा हा आकडा आहे. ‘खेड्यातल्या बाया ऐकत नाहीत’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं तो लक्षात ठेवावा. विषाणू दर शंभरांत सुमारे दहा जणींत सापडला. त्यांना पुढची तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार मिळाले.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. विषाणूचाचणीच्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरनं दगावल्या. नेहमीच्या व्यवस्थेतल्या ३१,४८८ पैकी ६४. पुढच्या टप्प्याचा कॅन्सर एकीकडे ३९, दुसरीकडे ८२. आयुष्यात एकदाच केलेली चाचणी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणत होती. पॅप स्मिअर आणि व्हिनेगरच्या गटांत असा ठळक फरक दिसला नाही. कारण पेशीच्या पातळीवर समजतं. डोळा आणि सूक्ष्मदर्शक बिघडून गेलेली पेशी शोधतात. ही चाचणी वेसणीला हात घालणाऱ्याला शोधते, पेशी बिघडण्याच्या आधी. विषाणू नसलेल्या बायकांत पुढे कॅन्सरचं प्रमाण लाखामागे ३.७ होतं, पॅप स्मिअर निर्दोष आलेल्यांत १५.५, व्हिनेगरच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्यांत १६.

पण त्या ६४ जणी? त्यांची तपासणी झाली नव्हती, आणि पॅप स्मिअर तर जगात कित्येक दशकं वापरात होता. पुढे या चौथ्या गटावरून वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांत तीव्र वाद झाला. संशोधकांचं म्हणणं, त्या भागात तपासणीची कुठलीच व्यवस्था नव्हती, म्हणून ‘नेहमीची व्यवस्था’ म्हणजे तेच. टीकाकारांचं म्हणणं, उपाय माहीत असताना हजारो बायकांना त्याविना ठेवून मोजदाद करणं चूक. दोन्ही बाजू वाचल्यावरही त्या ६४ चा आकडा घशात अडकतो. जगभरच्या बायकांना ज्याचा फायदा झाला त्याची किंमत कुणी मोजली, याचं उत्तर त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली विषाणूचाचणीला पहिली पसंती दिली, तेव्हा त्यामागच्या भक्कम पुराव्यांपैकी एक उस्मानाबाद जिल्ह्यातला होता.

याच पट्ट्यातून आणखी एक गोष्ट बाहेर गेली. २००९ साली या विषाणूच्या प्रतिबंधक लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा अभ्यास देशात सुरू झाला. बार्शी आणि पुणे ही त्याच्या केंद्रांपैकी होती. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि एकच डोसही वर्षानुवर्षं संरक्षण देतो असं दिसलं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एका डोसाला मान्यता दिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली.

आता फाइलमधली ती ओळ. पी-१६ हे १९९३-९४ मध्ये ओळखलेलं प्रथिन वेसण ओढणाऱ्या हातासारखं आहे. सायक्लिनच्या जोडीदाराला ते अडवतं, म्हणजे आरबी जागेवर राहतं. निरोगी पेशीत ते थोडंच असतं. विषाणूनं आरबी निकामी केलं की पेशी पी-१६ अधिकाधिक बनवत राहते. हात दोर ओढतोच आहे, दोराच्या टोकाला वेसण उरलेली नाही. प्रयोगशाळेत रंग टाकला की ती सगळी पेशी गडद तपकिरी होते, आणि पॅथॉलॉजिस्ट रिपोर्टवर लिहितो: पी-१६ पॉझिटिव्ह. म्हणजे या बाईच्या अंगात विषाणू कधीतरी, बहुधा तिची मुलं लहान असतानाच, शिरला होता. तेव्हा एकदा चाचणी झाली असती तर ती आज कदाचित परभणीच्या फलाटावर नसती.